निःपातातला विसर्ग

अलकनंदा टिकेकर यांनी आयुष्याची एकतीस वर्षं एका मंत्रालयाच्या अनुवाद विभागात काढली. लग्न करून नाशिकहून दिल्लीला आल्या तेव्हा हिंदीत दही पुल्लिंगी की स्त्रीलिंगी यावरून दूधवाल्याशी वाद घालायच्या. निवृत्त झाल्या तेव्हा विभागातले हिंदीवाले त्यांच्याकडे शंका घेऊन येत. जीव मात्र मराठीवर. मयूर विहारच्या तिसऱ्या मजल्यावर त्या आणि त्यांचे यजमान शांताराम असे दोघंच राहत. शांतारामही त्याच मंत्रालयातून आस्थापना शाखेचे सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा दिवस पेपर, औषधं आणि बागेतल्या चार फेऱ्यांत संपायचा. अलकनंदाबाईंचा दिवस लाल पेनाशिवाय सुरू होत नसे.

दिल्लीतल्या मराठी मंडळींसाठी 'यमुनाकाठ' नावाचं एक पाक्षिक निघायचं. करोल बागेत, मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या खोलीत त्याचं ऑफिस. बळवंतराव देवस्थळी त्याचे मालक, संपादक आणि प्रकाशक. गणेशोत्सवाच्या बातम्या, बारावीचे निकाल, वधू-वर, निधनवार्ता, कुणाची सून आयएएस झाली तर तिचा फोटो, अशी बारा पानं. निवृत्तीनंतर अलकनंदाबाई त्याची प्रुफं तपासू लागल्या. बळवंतराव पानं व्हॉट्सॲपवर पाठवत. शांताराम ती खालच्या दुकानातून छापून आणत, कारण स्क्रीनवर बाईंचे डोळे दुखत. त्या लाल पेनानं खुणा करत आणि पानांचे फोटो काढून परत पाठवत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना भातातल्या खड्यासारखी लागायची.

गेल्या काही वर्षांत पाक्षिकाचा बाज बदलला होता. बारावीचे निकाल मागच्या पानावर गेले आणि पुढच्या पानांवर मुसलमानांविषयीचे लेख येऊ लागले. आधी आडून, मग उघड. "वाचक वाढलेत, ताई," बळवंतराव म्हणायचे. अलकनंदाबाईंना ते लेख आवडत नसत. पण आपलं काम शुद्धलेखनाचं, मजकूर संपादकाचा, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून ठेवली होती. ऑफिसात तरी काय, परिपत्रक पटलं नाही म्हणून कुणी अनुवाद थांबवत नसे.

दोन हजार तेवीसच्या गणेशोत्सव अंकात 'पानिपतची चादर की प्रेताचं वस्त्र?' असा लेख आला. लेखकाचं टोपणनाव होतं. पानिपतात जुने कपडे पिंजून सूत काढतात, त्याची ब्लँकेटं विणतात, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. लेखात म्हटलं होतं की तिथले मुसलमान विणकर मुद्दाम प्रेतांवरचे कपडे त्यात मिसळतात आणि हिंदूंच्या घरात विटाळ पसरवतात. शेवटी लिहिलं होतं, 'हे लोक दिसतील तिथून त्यांना हाकला. हात उचलायची वेळ आली तर मागे पाहू नका. त्यांचा निपात झाल्याशिवाय आपल्याला स्वास्थ्य नाही.'

बाईंचा लाल पेन त्या परिच्छेदापाशी थांबला. त्यांनी त्याला वेढा घातला आणि समासात लिहिलं, 'याला आधार काय? वगळावं.' मग सवयीनं नजर खालच्या ओळीवर गेली. 'निपात' म्हणजे नुसतं खाली पडणं. इथे अर्थ तो दिसत नव्हता. त्यांनी 'नि'च्या पुढे दोन टिंबं दिली. निःपात.

तासाभरानं बळवंतरावांचा निरोप आला. 'विसर्ग बरा पकडलात. लेखकाला तेच म्हणायचंय. बाकी मजकुरात हात घालू नका, ती माझी जबाबदारी.'

बाईंनी निरोप वाचला, फोन उपडा ठेवला आणि वाटली डाळ करायला घेतली.

दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी मैदानावर स्टॉल लागत. दस्तगीर मोमीन नावाचे गृहस्थ नऊ वर्षं तिथे चादरी घेऊन यायचे. मूळचे सोलापूरचे, विणकराच्या घरातले. पंचवीस वर्षांपूर्वी पानिपतातल्या एका कारखान्यात मागावरचे मास्तर म्हणून आले आणि तिथलेच झाले. सोलापुरी चादर आणि शेंगांची चटणी या दोन गोष्टींसाठी दिल्लीतले मराठी लोक त्यांची वाट बघत. अलकनंदाबाईंच्या पलंगावरची चादरही त्यांच्याच स्टॉलवरची.

उत्सवाच्या चौथ्या दिवशी दुपारी बाई गाण्याची स्पर्धा ऐकायला गेल्या, तेव्हा मोमीनांच्या स्टॉलपाशी गर्दी दिसली. चार-पाच तरुण उभे होते. एकाच्या हातात 'यमुनाकाठ'चं पान होतं आणि तो ते मोठ्यानं वाचत होता. मराठी घरातलाच, पण दिल्लीत वाढलेला. अक्षर अक्षर जोडून वाचताना अडखळत होता. एका शब्दापाशी गाडी पार थांबली. शेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे वळून त्यानं अदबीनं विचारलं, "काकू, ये 'निःपात' मतलब?"

बाईंची नजर पानावरच्या त्या दोन टिंबांवर गेली.

"अरे, मतलब ख़तम. चल ना यार," दुसरा म्हणाला आणि त्यानं स्टॉलचं टेबल उलथलं. चादरी चिखलात गेल्या. दस्तगीरभाई अडवायला पुढे आले तेव्हा कुणीतरी त्यांना ढकललं. ते लोखंडी खांबावर आपटून उजव्या हातावर पडले. हाड मोडल्याचा आवाज बाईंना स्वच्छ ऐकू आला.

घरी येऊन त्यांनी कपाटातला गठ्ठा काढला. तपासलेलं प्रत्येक पान तारीख घालून जपून ठेवायची त्यांची सरकारी सवय. ते पान सापडलं. वर लाल वेढा, समासात प्रश्न आणि खाली त्यांच्याच हातची दोन टिंबं.

"मी पानिपतला जाऊन येते," दोन दिवसांनी त्या शांतारामांना म्हणाल्या.

"कशाला? तू काय मारलंस त्यांना?"

"तो शब्द माझा होता."

"शब्द बळवंतरावांच्या पेपरचा. उगाच स्वतःच्या अंगाला लावून घेऊ नकोस. मी येणार नाही."

त्या एकट्या सकाळच्या गाडीनं गेल्या. दस्तगीरभाईंचं घर कारखान्यामागच्या गल्लीत होतं. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. मागावर तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारायचा हात तो. ते डाव्या हातानं चहाचा कप धरायला शिकत होते.

"बसा की, बाई," ते म्हणाले. "तुमी दरवर्षी येता, ओळखलं मी."

बाईंनी पिशवीतून कागद काढला आणि काय झालं ते सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, आणि माफी मागितली. दस्तगीरभाईंनी पान उजेडाकडे धरून सावकाश वाचलं.

"म्हंजे ह्ये खोटं हाय, ते तुमाला कळलं होतं?"

"हो."

"आन् तरीबी टिंबं दिली."

"दिली."

त्यांनी पान मांडीवर ठेवलं. आत बायको घासत असलेल्या भांड्यांचा आवाज थांबला होता. बाईंना वाटलं, आता हे आपल्याला ऊठ म्हणतील, आणि म्हणाले तर त्यांचं बरोबरच आहे.

"माफीचं आपण मागनं बघू," दस्तगीरभाई शेवटी म्हणाले. "पोलिसांनी नुसती मारामारीची केस लिवलीय, अनोळखी पोरांवर. पेपरवाल्याचं नाव बी घेत न्हाईत. तो म्हणतोय, वाचकाचा लेख, नजरचुकीनं छापला. ह्यो कागद आमच्या वकीलबाईला दावा."

वकीलबाईंचं नाव पूर्वी, आडनाव अभ्यंकर. पुण्याची मुलगी, सहा वर्षांपासून दिल्लीत वकिली करणारी. कोर्टाच्या आवारातल्या तिच्या छोट्या खोलीत तिनं कागद बघितला, मग फोनवरचा निरोप बघितला आणि खुर्चीत सरळ झाली.

"काकू, कायदा आहे. दोन समाजांत वैर पेटवणारं छापलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण संपादकाला माहीत होतं, त्याचा तोच हेतू होता, हे दाखवावं लागतं. तिथेच केस अडकतात. 'चुकून गेलं' म्हटलं की संपलं. तुमच्याकडे तर त्यानं लेखी कबुली दिलीय."

"मग घे."

"थांबा. यात तुमचंही अक्षर आहे. पोलीस तुम्हाला साक्षीदार करतील की आरोपी, हे मी आज सांगू शकत नाही. खोटं आश्वासन देणार नाही. घरी बोलून या."

घरी बोलणं झालं, पण त्याला बोलणं म्हणायचं का, हा प्रश्नच होता. शांताराम चिडले, मग घाबरले. पेन्शन बंद झाली तर? या वयात पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायच्या? "त्या कागदावर तुझं अक्षर आहे, अलका!"

"म्हणून तर द्यायचाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी बळवंतराव स्वतः आले. दस्तगीरभाईंच्या घरी बाई जाऊन आल्याची बातमी कुठूनशी त्यांच्यापर्यंत पोचली होती. हातात मिठाईचा डबा, तोंडावर हसू. चहा घेता घेता त्यांनी जुन्या दिवसांच्या गोष्टी काढल्या. मग हळूच मुद्द्यावर आले.

"ताई, लेख नजरचुकीनं गेला, असं सगळ्यांनी म्हणू. विषय मिटेल. ते पान तेवढं फाडून टाका. तुमच्याच भल्याचं सांगतोय, तुमचंही नाव येईल त्यात."

अलकनंदाबाई काही बोलायच्या आत शांताराम खुर्चीतून उठले. छत्तीस वर्षं त्यांनी फायली सांभाळल्या होत्या. साहेबांनी दम दिला तरी टिपणीवरचा एक शब्द त्यांनी कधी खोडू दिला नव्हता.

"फाडून टाका?" ते म्हणाले. "नोंद झालेला कागद फाडायचा?"

"अहो शांतारामभाऊ, ही काय सरकारी फाईल आहे?"

"बळवंतराव, चहा झाला असेल तर या आता. आणि हा डबा घेऊन जा."

दार लावून ते आत आले. "उद्या मी येतो तुझ्याबरोबर," एवढंच म्हणाले.

पूर्वीनं कोर्टात अर्ज केला. मॅजिस्ट्रेटनी पान आणि निरोप बघून पोलिसांना गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. तपास सब-इन्स्पेक्टर हरीश दहिया यांच्याकडे आला. रोहतकचा माणूस, मराठीचा गंध नाही. त्यांनी बाईंना तीन दिवस बोलावलं. पहिल्या दिवशी आवाज कडक होता. दुसऱ्या दिवशी शांतारामांसाठी पंख्याखाली खुर्ची आली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पानावरच्या टिंबांवर बोट ठेवून विचारलं, "मैडम, इन दो बिंदियों से फ़र्क क्या पड़ता है?"

"इनके बिना आदमी गिरता है," बाई म्हणाल्या. "इनके साथ कोई बचता ही नहीं."

दहियांनी त्यांच्याकडे पाहिलं. "और ये आपने लगाईं?"

"जी. लिख लीजिए."

त्यांनी लिहून घेतलं. कागद आणि फोन दोन्ही सीलबंद झाले. फोन पुढे दीड वर्ष मिळाला नाही. तोवर बाईंना येणारे सगळे फोन शांताराम आपल्या फोनवर घेत आणि 'अनुवाद विभाग' अशी बाईंना हाक मारत. चार्जशीट आली तेव्हा तिच्यात अलकनंदाबाईंचं नाव साक्षीदारांच्या यादीत होतं.

मंडळानं मात्र बोलावणं बंद केलं. हळदीकुंकू आलं, कोजागिरी आली, कुणाचा फोन नाही. मंडळाचे चिटणीस भाऊसाहेब बागेत दिसले की फेरीची दिशा बदलत. त्यात सरकारच्या मंजुरीशिवाय असा खटला पुढे सरकत नाही, आणि मंजुरीची फाईल एका टेबलावर आठ महिने पडली. पूर्वीला वैताग यायचा. बाई तिला म्हणायच्या, "अगं, फाईल हरवली नाही ना? मग येईल. आम्ही यापेक्षा जुन्या फायली चालताना बघितल्यात." त्या मधल्या काळात त्या महिन्यातून एकदा पानिपतला जात. मोमीनांची नववीतली धाकटी मुलगी आरिफा मराठी लिहायला शिकायचं म्हणत होती, वडिलांच्या सोलापूरच्या आत्याला पत्र लिहायला. बाई तिला शिकवू लागल्या. दस्तगीरभाईंचा हात जुळून आला, पण मनगट पूर्वीसारखं वळत नव्हतं. गाठी आता ते डाव्या हातानं मारायचे. माफीचा विषय दोघांनीही काढला नाही.

फाईल आली. दोन हजार पंचवीसच्या नोव्हेंबरात बाईंची साक्ष झाली. बळवंतरावांनी मोठा वकील दिला होता. त्यानं चष्मा काढून, अगदी प्रेमानं विचारायला सुरुवात केली.

मूळ लेखात 'निपात' होतं, बरोबर? बरोबर. म्हणजे नुसतं पतन? शब्दकोशाप्रमाणे, हो. त्याचा अर्थ 'सर्वनाश' कुणी केला? मी.

"यानी ज़हर आपने मिलाया," वकील कोर्टाकडे वळून म्हणाला. "संपादक ने तो बस छापा."

मागच्या बाकावर शांताराम आणि दस्तगीरभाई शेजारी शेजारी बसले होते. बाईंनी कठड्यावर हात ठेवला. त्यांना आपल्या अंगातून भीती निघून गेल्यासारखं वाटलं. दोन वर्षं ज्या प्रश्नाला त्या घाबरत होत्या, तो विचारून झाला होता.

"वो बिंदियाँ मेरी हैं," त्या म्हणाल्या. "उसकी सज़ा बनती हो तो मैं यहीं खड़ी हूँ. पर मैंने पहले लिखा था कि इसका आधार क्या है, इसे हटाइए. जवाब में संपादक जी ने लिखा कि लेखक यही कहना चाहता है, और ज़िम्मेदारी उनकी. वो जवाब भी पढ़वा लीजिए."

मॅजिस्ट्रेटबाईंनी निरोपाचा अधिकृत अनुवाद पुन्हा मोठ्यानं वाचायला लावला. वकिलानं चष्मा घातला आणि तो खाली बसला.

फेब्रुवारीत निकाल लागला. बळवंतरावांना दोषी ठरवून एक वर्षाची कैद. तपासणाऱ्या बाईंनी लेखी शंका घेतली, ती डावलून आणि अर्थ समजून हा मजकूर छापला, त्यामुळे नजरचुकीचा बचाव टिकत नाही, असं निकालात म्हटलं होतं. बाईंविषयीही एक वाक्य होतं: शंका आली असता काम थांबवणं अधिक योग्य झालं असतं. पूर्वीनं निकाल वाचून दाखवताना ते वाक्य वगळलं. बाईंनी तिला ते वाचायला लावलं.

बळवंतराव त्याच दिवशी जामिनावर सुटले आणि अपील झालं. ते किती वर्षं चालेल कोण जाणे. ढकलाढकली करणाऱ्या दोन पोरांचा खटला वेगळा आहे, तो अजून सुरू आहे. पण 'यमुनाकाठ'च्या पुढच्या अंकात पहिल्या पानावर पुन्हा बारावीच्या परीक्षेला निघालेली मुलं आली, आणि लेखांच्या खाली खरी नावं.

कोर्टाबाहेर पायऱ्यांवर दस्तगीरभाई बाईंपाशी थांबले. "टिंबं दिली, ते मी इसरणार न्हाई," ते म्हणाले. "पर कागद घिऊन आला, ते बी इसरणार न्हाई." मग त्यांनी शांतारामांचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवल्या.

मार्चमध्ये भाऊसाहेबांचं मोमीनांना पत्र गेलं. यंदाच्या उत्सवात स्टॉल लावावा, मंडळाला आनंद होईल, वगैरे. उत्तराचा मजकूर दस्तगीरभाईंनी सांगितला आणि आरिफानं मराठीत लिहिला: येऊ, पण स्टॉल प्रवेशद्वारापाशी पाहिजे, मागच्या कोपऱ्यात नको. भाऊसाहेबांनी आठवडाभरानं होकार कळवला.

एप्रिलच्या एका सकाळी अलकनंदाबाईंच्या परत मिळालेल्या फोनवर अनोळखी नंबर आला. कादंबरी नावाची मुलगी, गुरुग्रामच्या एका न्यूज पोर्टलसाठी मराठी मजकूर तपासणारी. निकालाची बातमी वाचून तिनं पूर्वीकडून नंबर मिळवला होता. तिच्यापुढे एका वस्तीविषयी लेख आला होता. तिथले मुसलमान पाण्यात काहीतरी मिसळतात, असा.

"मॅडम, बॉस म्हणतात, तू फक्त भाषा बघ. यार, मला काय करावं कळतच नाहीये."

"तू भाषा बघितलीस?"

"नाही अजून. उघडून ठेवलाय फक्त."

"मग बघूच नकोस. पुरावा काय, असं मेलवर विचार. आणि पुरावा येईपर्यंत मी याला हात लावणार नाही, हेही त्याच मेलमध्ये लिही. मी हे दुसरं वाक्य लिहिलं नव्हतं."

दोघी अर्धा तास बोलल्या. कादंबरीची आई साताऱ्याची निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा निरोप आला. 'लेख मागे घेतला. माझी नोकरी अजून आहे.'

बाईंनी तो शांतारामांना वाचून दाखवला.

"त्यातला 'अजून' मला आवडला नाही," ते म्हणाले.

"मलाही नाही," बाई म्हणाल्या. "तिला रविवारी जेवायला बोलावू या. ओळखीची चार माणसं असलेली बरी."